साडेसहा गुंठे आणि दोन माड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे किहीममध्ये व्याख्यानमालेला जमता, ते मुलांना वर्गाबाहेर काढून बांधावर नेत आणि वालाचं रोप उपटून त्याच्या मुळांवरच्या गाठी दाखवत, असं इथल्या ज्येष्ठांनी मला सांगितलं. मी शेतीशास्त्राची विद्यार्थिनी. त्या गाठींचं महत्त्व मला कॉलेजात गेल्यावर समजलं, इथल्या मुलांना ते चौथी-पाचवीत समजत होतं. त्या गुरुजींना वंदन करून विषयाला हात घालते.

फक्त वनस्पतींपासून मिळणारं अन्न खायचं. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधही नाही, अशा आहाराला हल्ली व्हीगन आहार म्हणतात. मी तशी जेवते. अशा माणसाने पुढे जाऊन ठरवलं की माझ्या ताटातलं सगळं याच अलिबाग तालुक्यात पिकलेलं असावं, तर तो किहीममध्ये वर्षभर निरोगी राहू शकेल का? माझं उत्तर आहे की जवळजवळ पूर्णपणे राहू शकेल. जगात फार थोड्या ठिकाणी हे इतक्या सहज जमेल. पण इथली भातखाचरं शाबूत आहेत तोवरच हे उत्तर खरं आहे. म्हणून आजचं बोलणं ताटापासून सुरू होईल आणि जमिनीपाशी जाईल.

आधी हिशेब मांडते. एका माणसाला दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ धरा. भात, भाकरी, घावन, पेज सगळं त्यात आलं. वर्षाला सुमारे ११० किलो. भात सडल्यावर साधारण दोन-तृतीयांश तांदूळ हाती येतो, म्हणजे १६५ किलो भात पिकायला हवं. एकरी दहा क्विंटल हा उतारा काही फार मोठा नाही. तेवढाच धरला तर एका माणसाच्या वर्षाच्या तांदळाला साडेसहा गुंठे लागतात. त्याच साडेसहा गुंठ्यांत, भात कापल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलाव्यावर, वाल होतो. एकरी अडीच क्विंटल धरला तर चाळीस किलो, म्हणजे रोज शंभर ग्रॅमच्या वर कडधान्य. आणि तीन दिवसांना एक नारळ धरला तर वर्षाला १२० नारळ लागतील. चांगली निगा राखलेले दोन माड तेवढे देतात. तांदूळ, वाल आणि नारळ यांतूनच दिवसाची सुमारे १८०० कॅलरी भरते. उरलेलं केळी, रताळी, कंद आणि भाज्या भरून काढतात. लावणीला वाकणाऱ्या बाईला किंवा नांगर धरणाऱ्याला याहून जास्त लागेल, त्यासाठी दोन-तीन गुंठे वाढवा. साडेसहा गुंठे आणि दोन माड, हा एका माणसाचा हिस्सा लक्षात ठेवावा अशी विनंती आहे. शेवटी मी त्याच्याकडे येणार आहे.

तांदूळ आणि वाल ही जोडी आपल्या आजीने शास्त्र वाचून जमवलेली नव्हती, पण शास्त्राच्या कसोटीला ती पुरेपूर उतरते. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, वालात तो भरपूर असतो. वालात मेथिओनिन कमी, तांदळात ते पुरेसं. भातावर डाळिंब्यांची आमटी घेतली की दोन्ही उणिवा भरून निघतात. घाटावरच्या माणसाला कडव्या वालाची चव पहिल्यांदा जड जाते. मोड आणून, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, हे कामही वेळखाऊ. पण खोबरं, आमसूल आणि किंचित गूळ घालून केलेलं बिरडं ज्याला एकदा आवडलं, तो परराज्यातल्या डाळींकडे फारसा वळत नाही. त्याच्या जोडीला याच मातीत चवळी, मूग आणि कुळीथ आहेत. कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी हे पावसाळ्यातलं जेवण, आणि त्यात या तालुक्याबाहेरचं म्हणावं तर फोडणीची मोहरी.

इथला वर्षाचा क्रमच असा आहे की पूर्ण वनस्पतींचं जेवण त्यात आधीपासून बसवलेलं दिसतं. पावसाचे सुमारे दोन हजार मिलिमीटर चार महिन्यांत कोसळतात. जूनमध्ये पेरा, जुलैत लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. मग वाल आणि अलिबागचा पांढरा कांदा. कार्ले, खंडाळे, वाडगाव या बाजूला भात निघाल्यावर हा कांदा लावतात. तो तिखट कमी आणि गोड जास्त असतो. त्याच्या वेणीसारख्या माळा विणून घरात टांगल्या की पाऊस संपेपर्यंत पुरतात. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे आणि २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो कच्चा खाण्यातली मजा मी तुम्हाला काय सांगणार!

जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी थोडं सविस्तर सांगते, कारण या किनाऱ्याच्या पाककलेतलं मला सर्वांत शहाणं वाटणारं काम ते आहे. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये रताळी, करांदे, कणगर, बटाटे, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी परत भांबुर्डा गच्च दाबलेला. मडकं शेतातच उपडं ठेवायचं, भोवती गवत, पेंढा, पातेरा रचून पेटवायचा. अर्ध्या तासात आतलं सगळं स्वतःच्याच वाफेवर शिजतं. पाणी नाही, तेल नाही. पुष्कळ जण हल्ली त्यात कोंबडी आणि अंडी घालतात, पण पोपटीचा जीव वालाच्या शेंगेत आणि भांबुर्ड्याच्या वासात आहे. शेंगांची पोपटी खाऊन कोणी अर्धपोटी उठल्याचं मी पाहिलेलं नाही.

सर्वांत कठीण काळ पावसाचा. शेतात काही तयार नाही, वाडीत चिखल. जगभरात स्थानिक अन्नाचा प्रयोग करणारे लोक अशाच ऋतूत हरतात. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये अलिसा स्मिथ आणि जे. बी. मॅकिनन या जोडप्याने २००५ मध्ये एक वर्ष शंभर मैलांच्या आतलंच खायचं ठरवलं. मासे आणि अंडी त्यांच्या ताटात होतीच, तरीही धान्य मिळवताना त्यांचे हाल झाले. आपल्याकडे मात्र पाऊस पडला की कनकेश्वराच्या डोंगरावर आणि पायथ्याच्या माळावर खायला उगवतंच. पहिल्या सरींना टाकळा आणि शेवळं, मग कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांच्या जोडीला काकडं घालतात. कोणती भाजी किती कोवळी खुडायची, कशाचं पाणी टाकून द्यायचं, हे ज्ञान कातकरी आणि ठाकूर बायांकडे आहे आणि ते कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात पूर्ण सापडणार नाही. त्या बाया टोपली घेऊन नाक्यावर बसतात आणि आपण दहा रुपयांसाठी त्यांच्याशी घासाघीस करतो. हे थांबलं पाहिजे. ज्या भाजीला ना खत ना फवारणी, आणि जिच्यासाठी कोणी पहाटे डोंगर चढून आलं आहे, तिला बाजारात सर्वांत जास्त भाव मिळायला हवा.

याखेरीज आगोटची बेगमी आहेच. आंब्याची साठं, फणसपोळ्या, आमसुलं, सुकवलेल्या आठळ्या, चिंचेचे गोळे, कणगीतलं भात, माळेवरचा कांदा. या तयारीत सुकी मासळी असते. ती वजा केली तरी उरतं ते एका माणसाला पावसाळाभर पुरतं.

मासळीचं नाव निघालं, तर तो प्रश्न आत्ताच घेते. संयोजकांनी फोनवर काळजीने विचारलं होतं, "ताई, किहीमला येऊन मासे खाऊ नका असं सांगणार का?" मी तसं सांगायला आलेली नाही. मी मासे खात नाही, कारण जीव घेऊन पोट भरण्याची गरज मला पडत नाही. ज्याचं घर होडीवर चालतं त्याच्या जाळ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार मला त्यातून मिळत नाही. शिवाय या किनाऱ्याला मासळी थांबवणं परकं नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावाचून होडी लोटायची नाही, ही कोळीवाड्याची रीत त्या सरकारी बंदीहून कितीतरी जुनी. त्यावर श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार आणि संकष्टी मिळवल्या तर मासे खाणारं घरही वर्षातले कितीतरी दिवस वनस्पतींवर काढतं. मी जे वर्षभर करते ते तुम्ही वाट्यावाट्याने करताच. फरक दुधाचा.

आणि दुधाबाबत किहीमची स्थिती महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांपेक्षा वेगळी आहे. मी दूध सोडलं ते वासरासाठी. गाय किंवा म्हैस दूध देत राहावी म्हणून तिला पुन्हा पुन्हा व्यायला लावलं जातं, आणि नर वासरू कोणालाच नको असतं, विशेषतः बैलाची जागा पॉवर टिलरने घेतल्यावर. हे माझं कारण. पण क्षणभर ते बाजूला ठेवू. आज किहीममध्ये चहाला पडणारं दूध बहुतांशी पिशवीतून येतं, आणि ती पिशवी घाटावरून येते. इथे मुबलक चाऱ्याची कुरणं नाहीत, मोठा दूधधंदा नाही. नारळ मात्र परसात आहे. पंजाबात किंवा डेन्मार्कमध्ये स्थानिक खायचं म्हटलं की दूध आलंच, आणि व्हीगन राहायचं म्हटलं की बदाम, सोयाबीन दुरून आणावं लागतं. तिथे ही दोन व्रतं एकमेकांशी भांडतात. अष्टागराच्या, म्हणजे अलिबाग किनाऱ्याच्या, या पट्ट्यात ती एकाच माडाखाली बसतात.

याचा सर्वांत सुंदर पुरावा आपल्या शेजारी आहे. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आपले पूर्वज इथे आले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. हे लोक या गावांत तेलाचे घाणे चालवत. शनिवारी शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या धर्मनियमाप्रमाणे मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात जिथे दूध लागावं तिथे नारळाचा रस आला. आमटीत तो, सणाच्या हलव्यातही तोच. आणि त्यांचा मलिदा! भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची आणि फळं. एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने तो अर्पण करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याचं स्थान मानतात आणि इस्रायलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबंही तिथे येतात. तांदूळ, नारळ आणि केळं या तीन इथल्याच गोष्टींवर एक समाज आपली प्रार्थना उभी करतो, आणि त्यात दुधाचा थेंबही नाही. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली, त्याच्या कितीतरी आधीपासून ही ताटं इथे वाढली जात होती.

घाणे आता गेले, आणि तेल ही माझ्या हिशेबातली उघडी बाजू आहे. तालुक्यात पिकलेल्या तेलबियांचं तेल आज सहज मिळत नाही. खोबरेल मिळतं, तीळ थोडा होतो. मी तेल कमी करून खोबरं वाढवलं, कारण किसलेल्या नारळात चरबी आहेच आणि जुन्या कोकणी स्वयंपाकात तीच काम करत असे. पण एखाद्या बचत गटाने इथे पुन्हा लाकडी घाणा लावला तर त्याची पहिली गिऱ्हाईक मी असेन. गूळही घाटावरून येतो, जिरं आणि हिंग फार लांबून. मसाल्याच्या डब्याला मी तालुक्याची हद्द घालत नाही. हलकं, सुकं, चिमूटभर लागणारं सामान पूर्वापार प्रवास करत आलं आहे. चौलचं बंदर शतकानुशतकं अशा व्यापारावर जगलं. मिरची, पपई, काजू आणि पोपटीतला बटाटासुद्धा समुद्रापलीकडून आले आणि इथल्या मातीत रुळले. वनस्पती मूळची कुठली याची चौकशी मी करत नाही. यंदा ती कोणाच्या शेतात पिकली, एवढंच विचारते.

आता अशा एका गोष्टीकडे येते जिथे किहीमची माती पुरी पडत नाही. ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान देणं अप्रामाणिक ठरेल.

गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडलं. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू असा होता. त्यांना आमांशाने गाठलं आणि ते मरणाच्या दारी पोचले. हवापालटासाठी त्यांना नेलं ते आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माथेरानला. तिथलं पाणी त्यांना मानवलं नाही आणि ते मुंबईला परतले. डॉक्टर दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर उभं राहणार नाही. व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं, मग बकरीचं घ्यायला काय हरकत, असं कस्तुरबांनी सुचवलं आणि गांधीजींनी ते घेतलं. व्रताचा शब्द राखला पण आत्मा राखला नाही, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे, आणि दुधाला वनस्पतींमधला पर्याय कोणी जाणकार सुचवील तर उपकार होतील, असंही. त्यांच्या दुखण्याचं निदान आज शंभर वर्षांनी आपण करू नये. पण त्यांच्या प्रश्नाच्या एका भागाचं उत्तर ज्या शोधात होतं, तो त्यांच्या हत्येनंतर काही आठवड्यांतच जाहीर झाला. १९४८ च्या वसंतात अमेरिका आणि इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळं काढलं.

हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती बनवत नाही. ते जिवाणू बनवतात आणि प्राण्यांच्या शरीरातून ते दूध, अंडी, मांस, मासे यांत उतरतं. माणसाला रोज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं, पण तेवढं न मिळाल्यास रक्त आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात. हातापायांना मुंग्या, विसर, थकवा अशी सुरुवात होते आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान भरून येत नाही. दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसाचंही अनेकदा भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या निरोगी दिसणाऱ्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आंबवलेल्या पिठातून, न धुतलेल्या भाजीतून, ताडाच्या नीरेतून ते मिळतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. व्हीगन माणसाने बी-१२ ची गोळी घ्यावीच. ती जिवाणूंपासूनच तयार होते. ती कारखान्यातून येते, या तालुक्यातून येत नाही, आणि मी ती कसलाही संकोच न बाळगता घेते. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्याबाबत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा आहार सुरूच करू नये.

दुसरी गोष्ट मिठाची. पेण-उरणच्या मिठागरांतलं मीठ आपल्या जिल्ह्याचं, म्हणून मला ते वापरावंसं वाटलं. पण खाडीच्या पाण्यापासून केलेल्या साध्या मिठात आयोडीन जवळजवळ नसतं. मासे खाणाऱ्याला ते माशांतून मिळतं. मासे सोडलेल्याने आयोडीनयुक्त मीठच वापरावं. कॅल्शियमसाठी मात्र बाहेर जायला नको. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ते असतं आणि डोंगरउतारावर नाचणी आजही होते. शिवाय शेवग्याचा पाला आणि तीळ आहेत.

आता विचाराचा भाग. स्थानिक खाल्ल्याने पृथ्वी वाचते असं सरसकट म्हटलं जातं, ते तपासून घ्यायला हवं. अमेरिकेत वेबर आणि मॅथ्यूज यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला. तिथल्या अन्नामुळे होणाऱ्या उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा ११ टक्के, त्यातही शेतापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाचा फक्त ४ टक्के. ८३ टक्के भाग अन्न पिकवण्याचा. म्हणजे अन्न किती लांबून आलं यापेक्षा ते काय आहे आणि कसं पिकलं याला जास्त वजन आहे. त्या दृष्टीने मांस आणि दूध कमी करणं हे टेम्पोचं अंतर कमी करण्यापेक्षा मोठं काम आहे. मी आधी वनस्पती आणि मग स्थानिक, असा क्रम लावते तो यामुळे.

पण "कसं पिकलं" हा प्रश्न किहीममध्ये फार जवळून विचारता येतो. इथून थोड्याच अंतरावर थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे. नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया तिथे १९८० च्या दशकापासून होतो आणि देशभर जातो. त्या युरियाने लाखो लोकांची भूक भागवली आहे, हे मी मान्य करते. पण माझ्या ताटातला भात शेजारच्या खाचरातला आणि त्याचं पोषण समुद्रतळातून काढलेल्या वायूचं असेल, तर तो अर्धाच स्थानिक ठरतो. शेण वापरावं तर जनावरं आली, आणि व्हीगन माणसाला तिथेही विचार करावा लागतो. यावर उत्तर आपल्या बांधावर आहे. गिरीपुष्पाचा पाला लावणीआधी चिखलात तुडवला की नत्र मिळतं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ हे वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. ताग आणि धैंचा आहेत. आणि वाल आहे, ज्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधून पुढच्या भाताची तयारी करतात. गुरुजी मुलांना दाखवत होते ते हेच. वालाची पेर गेली तर आमटी जाते आणि खाचराचं खतही जातं. भातालाही दोष आहे. साचलेल्या पाण्यातून मिथेन सुटतो आणि इथल्या पावसात पाणी पूर्ण काढून टाकणं शक्य नसतं. तो दोष पत्करूनही या जमिनीला, या पावसाला भाताइतकं मानवणारं दुसरं धान्य मला दिसत नाही.

आता जमिनीकडे येते. सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात याच किहीममध्ये सुगरण पक्ष्याचं घरटं विणणं आणि संसार यांचा अभ्यास केला, आणि पक्षिशास्त्रात किहीमचं नाव कायमचं नोंदलं गेलं. सुगरण भाताच्या पात्यांच्या आणि झावळ्यांच्या चिरफळ्यांनी घरटं विणते.  ज्या शेतांवर त्यांनी दुर्बीण रोखली, तशा किती शेतांत आज कुंपणभिंती उभ्या आहेत ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारगाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबई तासाभरावर आली. प्रवाशांची सोय झाली याचा मलाही आनंद आहे. पण त्याच वेगाने गुंठ्याचा भाव चढला, आणि ज्या जमिनीचा भाव भाताच्या उत्पन्नात सात पिढ्यांतही फिटणार नाही ती जमीन भातासाठी राखून ठेवा, असं मी एकट्या शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू?

माडांचंही तेच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या किनाऱ्यावर आलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. नवं रोप फळायला सहा-सात वर्षं घेतं. तेवढा काळ थांबण्याची ताकद ज्याच्यात नव्हती, त्याने वाडी विकली.

या तालुक्याने जमिनीसाठी काय सोसलं आहे ते इथे आठवलं पाहिजे. १९३३ ते १९३९, चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची, जमीन कसायला नकार दिला. जवळजवळ सहा वर्षं! पिकवणाऱ्याच्या घरात भाताचा दाणा उरत नव्हता, सगळं खोताच्या कोठीत जात होतं, म्हणून त्यांनी शेतं ओस ठेवून उपास काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ मध्ये कुळांना पहिलं कायदेशीर संरक्षण मिळालं, १९४९ मध्ये खोती गेली, १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं. स्थानिक अन्नाची मोठमोठी पुस्तकं परदेशात लिहिली जातात, पण जो पिकवतो त्याच्या ताटात ते आधी पडलं पाहिजे, हे सहा वर्षं उपाशी राहून सांगणारी माणसं या तालुक्यातली. त्यांनी मिळवलेली जमीन त्यांच्या नातवंडांच्या हातून गुंठ्यागुंठ्याने निसटते आहे, कारण ती कसून घर चालत नाही. दहा गुंठ्यांचा एक बंगला उभा राहिला की दीड माणसाचा वर्षाचा भात आणि वाल कायमचा संपला, हा माझा सुरुवातीचा हिशेब.

म्हणून माझ्या मागण्या दोन आणि त्या खाणाऱ्यांकडे आहेत, पिकवणाऱ्यांकडे नाहीत. ज्यांची इथे घरं आहेत आणि कुंपणाच्या आत मोकळी जमीन आहे, त्यांनी हिरवळ राखण्याऐवजी ती शेजारच्या शेतकऱ्याला भात-वालाला द्यावी. करार लिहून करावा, म्हणजे कोणाच्या मनात भीती राहणार नाही. आणि आपण सगळ्यांनी, मासे खाणाऱ्यांनी आणि न खाणाऱ्यांनीही, वर्षाचा तांदूळ आणि वाल गावातल्याच शेतकऱ्याकडून घ्यावा. कापणीआधी त्याच्याकडे जावं, किती पोती हवीत ते सांगावं, अर्धे पैसे आगाऊ द्यावेत आणि बाजारभावापेक्षा थोडे जास्त द्यावेत. दिवाळीला भात निघेल, होळीच्या आत वाल निघेल. यंदाची लावणी झालेली आहे. या आठवड्यात कोणा एकाच्या बांधावर जाऊन एवढं बोलून या.